साडूभाऊंचा अमेरिकेचा अर्ज

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत घरांच्या भिंतींना जेवढे म्हणून तडे गेलेले होते, ते सगळे माझ्या साडूंना निदान तोंडओळखीनं तरी ओळखत असत. माणसांच्या बाबतीत त्यांची स्मरणशक्ती इतकी कच्ची, की माझ्या धाकट्या भावाला ते सात वर्षं माझा मेव्हणा समजत होते. पण 'मुर्तिजापूरच्या मोटारस्टँडामागचं गोदाम' एवढे शब्द कुणी उच्चारले, की त्यांच्या चेहऱ्यावर आजारी नातेवाइकाची चौकशी करणाऱ्या माणसाचा भाव येई. "कशी हाय ते उत्तरेची भिंत आता?" ते खालच्या आवाजात विचारत. "मागच्या जेठात तिची चीर दोन बोटं झालती. पानी पडल्यावर मिटली का नाई?" समोरच्याला गोदाम माहीत असे, फार तर गोदामाचा मालक माहीत असे. भिंतीची तब्येत त्याला कुठून माहीत असणार?

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे आक्का म्हणतो. साडूभाऊ सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर होते आणि अकोल्याला राहत. मी अमरावतीला एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे. अकोला-अमरावती हे अंतर मोटारीनं काही फार नाही, पण साडूभाऊंना ते कापायला सबंध दिवस लागे. वाटेत चहापाण्याला मोटार थांबली, की ते उतरून जवळपासची भिंत बघायला जात, आणि मोटार त्यांना तिथंच सोडून निघून जाई. एका खेपेला आक्का आणि त्यांची ट्रंक आमच्याकडे दुपारच्या जेवणाला हजर झाल्या आणि साडूभाऊ दिवेलागणीला आले. आक्कांनी दारातच विचारलं, "आले का भिंतीले भेटून? बरी हाय ना तब्येत तिची?" त्यावर साडूभाऊंनी अत्यंत गंभीरपणे, "नाई, जराशी कलली हाय," असं उत्तर दिलं.

ह्या सगळ्याला कारण आमची काळी माती. कापसाला ही माती आईसारखी, पण घराला ती सावत्र आईपेक्षा वाईट. पावसाळ्यात पाणी पिऊन ती टम्म फुगते आणि घराला खालून वर उचलते. उन्हाळ्यात सुकून एवढी आकसते, की शेतातल्या भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो, आणि मग तेच घर खाली बसतं. वर्षातून एकदा वर, एकदा खाली. असं दहा वर्षं झालं, की भिंत कंटाळून फाटते. वऱ्हाडातल्या माणसांनी ही गोष्ट उन्हाळा-पावसाळ्यासारखीच मान्य करून टाकलेली होती. मान्य केली नव्हती ती एकट्या साडूभाऊंनी. ते ज्या घरी जात, तिथल्या तड्यावर खळीनं कागदाची एक आडवी पट्टी चिकटवत आणि तिच्यावर तारीख घालून सही करत. पट्टी फाटली तर तडा वाढला असं समजायचं. एकट्या आमच्या घरात अशा अकरा पट्ट्या होत्या. दिवाळीला रंगारी बोलावला, तर साडूभाऊंनी पत्र पाठवून त्याला पट्ट्या सोडून चुना द्यायला लावला. पाहुणे विचारत, "हे काय आहे?" माझी बायको सांगे, "भाऊजींच्या सह्या आहेत." त्यावर पुढं कुणी काही विचारत नसे.

आक्कांना बघायला ते चांदूर बाजारला गेले होते, त्या वेळची हकिकत आमच्या सासरी अजून सांगतात. मुलगी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे, आणि नवरा मुलगा तिच्या डोक्यावरून पलीकडे बघतो आहे. सासऱ्यांनी शेवटी घसा साफ करून विचारलं, "मग काय, पसंत आहे?" साडूभाऊ म्हणाले, "नैऋत्येचा कोपरा खचला हाय." सासरे घाबरले. मुलगा वास्तुशास्त्राचा जाणकार आहे, असं समजून त्यांनी दुसऱ्याच दिवशी गुरुजींना बोलावून त्या कोपऱ्याची शांत करून घेतली. लग्न ठरलं, झालं. कोपरा पुढच्या उन्हाळ्यात आणखी खचला. "माह्याकडं पायलंच नाई त्या दिवशी," आक्का सांगतात. "मी काळी का गोरी, हे लग्न झाल्यावर समजलं त्याईले. तेबी मी सांगितलं म्हनून."

घरात त्यांनी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांतून गावोगावची माती भरून ठेवली होती. प्रत्येक डब्यावर गावाचं नाव: दर्यापूर, अंजनगाव, चांदूर बाजार. एकदा आमच्या सासूबाई अकोल्याला गेल्या असताना त्यांनी फळीवर 'चांदूर बाजार' असा डबा बघितला आणि उघडून पाहिला. आत आपल्या गावची माती. जावयानं सासुरवाडीची माती इतक्या प्रेमानं जपून ठेवली आहे हे पाहून त्यांना रडूच कोसळलं. त्यांचा हा समज आम्ही कोणीही शेवटपर्यंत दूर केला नाही. ह्या मातीवर ते प्रयोग करत. त्यांतला एक प्रयोग असा, की माती कणकेसारखी मळायची आणि तळहाताखाली वळून तिच्या शेवया काढायच्या. त्या तुटायला लागल्या की त्या वेळी मातीत पाणी किती होतं ते मोजायचं. हा प्रयोग आक्कांच्या पोळपाटावर चाले. उन्हाळ्यात वऱ्हाडात घरोघरी सरगुंडे, म्हणजे कणकेच्या हातशेवया, वळतात. आक्का म्हणत, "आमच्या घरी दोन परकारचे सरगुंडे हायेत. एक रसात घालाचे, एक डब्यात घालाचे. कोन्ता कोन्ता ते इचारून जेवजा."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं त्या सुमाराला साडूभाऊंनी दर्यापूरजवळच्या एका गावात शाळेची खोली बांधली. नकाशा वरून आलेला, माल चांगला, कामात कुठं कुचराई नाही. पहिल्याच उन्हाळ्यात खोलीची मागची भिंत वरपासून खालपर्यंत फाटली. साडूभाऊंनी मोठ्या साहेबांना कळवलं. साहेब म्हणाले, "काळी माती आहे, तडा जायचाच. बुजवून टाका." साडूभाऊ बुजवायला गेले. तिथली शिक्षिका ही त्याच गावची, नव्यानं बौद्ध झालेल्या एका घरातली मुलगी. ट्रेनिंग करून आली होती आणि आपल्याच गावची शाळा मागून घेतली होती. तिनं पोरांना बाहेर कडुनिंबाखाली बसवलं होतं. तिनं साडूभाऊंना एवढंच विचारलं, "साहेब, पोट्ट्याईले आत बसवू का नको?"

साडूभाऊंना उत्तर देता आलं नाही. भिंत उभी राहील की पडेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तसे ते 'बसवा' म्हणून मोकळे होऊ शकले असते. 'नको' म्हणूनही सुटले असते, कारण बाई काही वरपर्यंत तक्रार करणाऱ्यांतली नव्हती. पण त्यांनी दोन्ही केलं नाही, आणि तिथून अकोल्याला न जाता सरळ आमच्याकडे अमरावतीला आले. त्या दिवशी त्यांनी आमच्या एकाही पट्टीकडे पाहिलं नाही. पाणी प्यायले आणि म्हणाले, "मास्तर, एवढा शिकलो मी. डिगरी घेतली. त्या बाईनं साधं इचारलं, तं मले सांगता आलं नाई. मले पुन्हा शाळेत जा लागते."

मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. पण पुढच्या महिन्यात त्यांनी शोधून काढलं, की अमेरिकेत टेक्सास म्हणून प्रांत आहे, तिथंही कापूस पिकतो, तिथंही अशीच काळी चिकण माती आहे आणि तिथंही घरं फाटतात. एवढंच नव्हे, तर तिथल्या एका विद्यापीठात ती का फाटतात ह्यावर वरची पदवी मिळते. ही बातमी त्यांनी मला अशा आनंदानं सांगितली, जणू त्यांचा हरवलेला भाऊ सापडला होता. "तिथंबी फाटते हो मास्तर! तिथंबी!" वय तेहेतीस, पदरात चार वर्षांची मुलगी, कायमची सरकारी नोकरी, आणि हा माणूस दुसऱ्या देशातली घरं फाटतात म्हणून पेढे वाटायला निघाला होता.

विद्यापीठाचा फॉर्म यायलाच तीन महिने लागले. त्यात एक पान असं होतं, की हा अभ्यास आपल्याला का करायचा आहे, ते स्वतःच्या शब्दांत लिहावं. हे काम इंग्रजीचा मास्तर म्हणून माझ्याकडे आलं. मी आठ दिवस खपून एक निबंध तयार केला. त्यात कोवळ्या वयापासून विज्ञानदेवतेची लागलेली ओढ होती, नवभारताच्या उभारणीचं स्वप्न होतं, ज्ञानाच्या अथांग सागराच्या किनाऱ्यावर उभा असलेला एक तहानलेला पांथस्थ होता. वर्गात वाचून दाखवला असता तर मुलांनी टिपून घेतला असता. साडूभाऊंनी तो सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला आणि विचारलं, "मास्तर, हा मानूस कोन हाय?"

"तुम्हीच."

"मी याले ओयखत नाई." कागद त्यांनी परत माझ्याकडे सरकवला. "असं लिहा. मी एक शाया बांधली. ते फाटली. बाईनं इचारलं, पोरं आत बसवू का. मले सांगता आलं नाई. ते सांगता याले पायजे, म्हनून शिकाचं हाय. बस."

आमच्याकडे असा 'ळ' चा 'य' होतो. पण त्या दिवशी मला ती बोली अडाणी वाटली नाही. मी मुकाट्यानं ती पाच-सहा वाक्यं इंग्रजीत केली. एवढी वर्षं इंग्रजी शिकवली, अनेकांचे अर्ज लिहून दिले, पण माझ्या हातून झालेलं चांगलं भाषांतर म्हणावं असं ते एकच.

मग सुरू झाली तयारी. पदवी घेऊन दहा वर्षं झाली होती आणि मधल्या काळात साडूभाऊ गणित साफ विसरले होते. पहाटे उठून ते ओसरीवरच्या फरशीवर खडूनं समीकरणं मांडत. मांडता मांडता ओसरी संपे आणि समीकरण अंगणात उतरे. सकाळी आक्का झाडू घेऊन येत. "रोज हे मांडते आन् रोज मी झाडतो," असं त्या शेजारणींना सांगत. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंना ती नव्या तऱ्हेची रांगोळी वाटली आणि त्यांनी आपल्या सुनेला ती शिकून यायला पाठवलं. साडूभाऊंनी त्या सुनेला अर्धा तास समजावून सांगितलं. ती पोरगी चांगली हुशार निघाली. निघताना तिनं त्यांची एक चूक दाखवली. अधिकचं चिन्ह एका ओळीत होतं आणि दुसऱ्या ओळीत नव्हतं. साडूभाऊ ती गोष्ट पुढं कितीतरी दिवस कौतुकानं सांगत होते.

इंग्रजी बोलण्याची सवय व्हावी म्हणून त्यांनी घरात नियम केला, की संध्याकाळी सहा ते सात फक्त इंग्रजी. नियम एकट्यानं केला आणि एकट्यानंच पाळला. "व्हेअर इज माय टॉवेल?" असा प्रश्न न्हाणीघरातून येई. "वलनीवर हाय. डोये हायेत ना?" असं उत्तर स्वयंपाकघरातून जाई. "प्लीज गिव्ह मी टी." "दूध नासलं." "नो प्रॉब्लेम, आय विल टेक ब्लॅक टी." "चहापत्तीबी संपली." असा तासभर संवाद चाले. मजा अशी, की ह्या एका तासात साडूभाऊंचं इंग्रजी किती सुधारलं ते सांगवत नाही, पण आक्कांना मात्र ते सगळं समजायला लागलं.

इंग्रजी समजतं-बोलता येतं, असं एखाद्या प्राध्यापकानं तपासून लिहून द्यायचं होतं. अमरावतीत माझ्या ओळखीचे एक वयस्क प्राध्यापक होते, अतिशय कडक. त्यांच्या समोर चांगले चांगले विद्यार्थी तोतरे होत. मी साडूभाऊंना घेऊन गेलो. प्राध्यापकांनी चष्म्यावरून बघत इंग्रजीत फर्मावलं, "तुमच्या आवडत्या विषयावर पाच मिनिटं बोला." साडूभाऊंनी प्राध्यापकांच्या पाठीमागं पाहिलं. तिथं पुस्तकांच्या कपाटामागून छतापर्यंत गेलेला एक सुरेख तडा होता. मी डोळे मिटून घेतले. साडूभाऊ उठले, त्यांनी कपाट सरकवलं आणि सव्वा तास बोलले. क्रियापदं सांडत होती, काळ एकमेकांत मिसळत होते, पण ते थांबले नाहीत आणि प्राध्यापकांनीही त्यांना थांबवलं नाही. शेवटी शेवटी तर प्राध्यापकच प्रश्न विचारत होते. प्रमाणपत्रात त्यांनी लिहिलं, की ह्या गृहस्थांचं व्याकरण त्यांचं स्वतःचं आहे, परंतु त्यांनी सांगितलेलं सर्व मला समजलं आणि मी गवंड्याला निरोप धाडला आहे.

शिफारशीची पत्रं तीन लागत होती. दोन त्यांच्या जुन्या शिक्षकांनी दिली. तिसरं मोठ्या साहेबांकडून हवं होतं आणि साहेब देईनात. हाताखालच्या माणसानं आपल्यापेक्षा जास्त शिकायचं म्हणजे आपल्याला कमी येतं असं म्हणण्यासारखं आहे, अशी त्यांची समजूत. साडूभाऊ रोज ऑफिस सुटायच्या वेळी साहेबांच्या खोलीबाहेर उभे राहत. काही बोलत नसत. नुसते उभे राहत आणि उभ्या उभ्या दरवाजावरच्या कमानीतला तडा न्याहाळत. पंधरा दिवसांनी साहेबांना त्या कमानीखालून जायची भीती वाटायला लागली. त्यांनी पत्र दिलं. त्यात एकच वाक्य होतं : 'हे गृहस्थ वेळेवर येतात.' आणि तेही खरं नव्हतं.

अर्जासोबत त्यांनी आणखी एक गोष्ट पाठवली, ती फॉर्ममध्ये कुठंच मागितलेली नव्हती. त्या शाळेच्या पायातली माती. मेणकापडाच्या पिशवीत शिवून, वर पत्ता लिहून आम्ही दोघं पोस्टात गेलो. कारकुनानं पुडकं हातात घेऊन विचारलं, "यात काय हाय?"

"माती," साडूभाऊ म्हणाले.

कारकुनाचा आवाज एकदम खाली आला. "घरातलं कोनी होतं का?"

साडूभाऊंच्या मनात शाळा होती. ते म्हणाले, "घरातलंच समजा." कारकुनानं टोपी काढली, रांग थांबवली आणि पुडक्यावर स्वतःच्या हातानं शिक्के मारले.

उत्तर आलं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. तिथल्या प्राध्यापकानं स्वतः लिहिलं होतं. त्याचा सारांश असा, की तुमची माती आमच्या बंदरावर शेती खात्यानं अडवली, कीड असेल म्हणून भट्टीत भाजली आणि मगच माझ्याकडे सोडली. भाजल्यामुळे ती आता प्रयोगाला निरुपयोगी आहे. परंतु तुमचं एका पानाचं पत्र मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवलं. तुम्ही या, माझ्या प्रयोगशाळेत काम करा आणि शिका. साडूभाऊंनी पत्र वाचलं आणि हळहळले, "भाजली म्हनते, मास्तर. चांगली चिक्कट माती होती." आपल्याला प्रवेश मिळाला आहे हे त्यांच्या ध्यानात यायला आणखी दोन-तीन मिनिटं लागली.

मग मात्र ते घाबरले. इतके दिवस अर्ज हाच मुक्काम होता. पुढं खरोखर जायचं असतं, हा विचार त्यांनी केलाच नव्हता. वडिलांना सांगायला आम्ही अंजनगावला गेलो. त्यांचे वडील तिथं पानमळा सांभाळत. म्हातारबुवा वेलींना बांधणी करत होते. हात न थांबवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू तं इंजेनेर हायेस ना?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"मंग पुन्हा शिकाले कावून चालला? त्या खेपेले नापास झालता का?" आणि आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघून म्हणाले, "झाला असशीन तं सांग. मी कोनाले सांगत नाई."

साडूभाऊंनी नापास झालो नव्हतो हे तीन तऱ्हांनी पटवायचा प्रयत्न केला. म्हातारबुवांच्या चेहऱ्यावरची काळजी काही हलली नाही. शेवटी ते म्हणाले, "किती वर्सं?" "दोन." "दोन वर्सात निघशीन ना पास होऊन?" "निघीन, बाबा." "मंग जाय. पोरीची कायजी करू नोको." एवढं बोलून त्यांनी निवडून निवडून पानं खुडली आणि आमच्या दोघांच्या हातांत दिली.

परतीच्या वाटेवर साडूभाऊ एकदाही मोटारीतून उतरले नाहीत, तेव्हाच मी ओळखलं. अकोल्याला पोचल्यावर त्यांनी आक्कांना सांगितलं, की मी जात नाही. पोरगी लहान, बाबा म्हातारे, तू एकटी. चार बुकं मागवून घरीच वाचीन. मला वाटलं, आक्का सुटकेचा निःश्वास टाकतील. इतकी वर्षं त्यांनी ह्या वेडाची टिंगलच केली होती. त्या पोळपाट धूत होत्या. तो त्यांनी भिंतीला टेकवून ठेवला.

"ते शायेवाली बाई काय म्हने, ते तुमी मले दोन वर्सं सांगून रायले," त्या म्हणाल्या. "जेवतानी सांगता, पोरीले झोपवतानी सांगता. तिनं तुमाले एकदा इचारलं, पन तुमी मले हजार खेपा इचारलं. मले तं उत्तर येत नाई. तुमालेबी येत नाई. तिकडं कोनाले येत असन तं जा आन् घेऊन या. नाई तं जलमभर हेच आयकाचं का मी?" मग पोळपाट उचलत म्हणाल्या, "पोरीचं मी पाहीन. बाबाचंबी पाहीन. इथं काई अडत नाई."

साडूभाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

साहेबांनी बिनपगारी रजा लगेच मंजूर केली. हा माणूस परत येत नाही, अशी त्यांची खात्री होती. ती खात्री थोडीफार आम्हा सगळ्यांनाच होती, फक्त कुणी बोलून दाखवली नाही. अमेरिकेची बोट मुंबईहून सुटणार होती. अकोल्याच्या स्टेशनवर त्यांना पोचवायला दोन्ही घरची माणसं आली होती. साडूभाऊंनी नवा कोट घातला होता आणि त्यांना त्यात फार उकडत होतं. लेकीला त्यांनी कडेवर घेतलं, तर ती म्हणाली, "बाबा, माह्यासाठी तिकडची माती आनजा." गाडी हलली तेव्हा आक्का रडल्या नाहीत. गाडी दिसेनाशी झाल्यावर मात्र त्यांनी मला विचारलं, "मास्तर, बोटीत भिंती कशाच्या असतात हो?" आणि मग तोंडाला पदर लावला.

दोन वर्षांत त्यांची पत्रं नियमानं येत. अमेरिका कशी आहे, हे त्यांतून आम्हाला काहीही कळलं नाही. उंच इमारती, मोटारी, बर्फ, कशाचा पत्ता नाही. इथली माती सकाळी अशी वागते, दुपारी तशी वागते. एका शेतकऱ्याचं घर पाहिलं, बिचारा भला माणूस आहे, त्याची नैऋत्य बाजू खचली आहे. परीक्षा पहिल्या वर्गात उतरल्याचं एका पत्राच्या समासात आडवं लिहिलेलं होतं. ते मी अंजनगावला जाऊन म्हातारबुवांना वाचून दाखवलं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "सुटला बिचारा."

आणि साडूभाऊ परत आले. ठरल्या महिन्यात, त्याच कोटात. आल्याच्या चौथ्या दिवशी आम्ही दर्यापूरकडे गेलो. बाई त्याच शाळेत होत्या आणि पोरं अजून कडुनिंबाखालीच बसत होती. साडूभाऊंनी खोलीच्या चारी बाजूंना खड्डे घेतले, दिवसभर उन्हात उभे राहिले आणि संध्याकाळी बाईंकडे जाऊन म्हणाले, "बाई, पोट्ट्याईले आत बसवू नका. ही खोली मी चुकीची बांधली होती. पाया उथळ झाला. पाडून पुन्हा बांधू." स्वतःची चूक इतक्या समाधानानं कबूल करणारा माणूस मी पाहिला नाही. बाई म्हणाल्या, "साहेब, तुमी हे सांगाले आले?" खोली पुन्हा बांधायला त्यांना खात्याशी वर्षभर भांडावं लागलं. खोल पाया, खाली मुरूम, भिंतीभोवती पाणी मुरू नये म्हणून फरसबंदी. ती खोली पुढचे दोन उन्हाळे मी स्वतः जाऊन पाहिली. पोरं आत बसून पाढे म्हणत होती.

त्या प्राध्यापकानं त्यांना तिकडंच राहायचा फार आग्रह केला होता, हे आम्हाला उशिरा कळलं, तेही आक्कांकडून. मी एकदा ओसरीवर बसलो असताना विचारलं, "मग राहिला का नाहीत? तीच माती, तोच अभ्यास."

साडूभाऊंनी अंगणातली चिमूटभर माती उचलून बोटांत चुरली. मग म्हणाले, "तिथली माती आपल्यासारखीच हाय, मास्तर. पन तिले लय लोकं हायेत. आपल्या मातीले कोन हाय?"

ह्यानंतर खात्यात त्यांचं वजन वाढेल, वऱ्हाडातली सगळी बांधकामं त्यांच्या हातून जातील, असं आम्ही धरून चाललो होतो. तशी दोन वर्षं बरी गेली. मग एक दिवस बदलीचा हुकूम आला : कोकणात. जिथं जमिनीखाली हातभर गेलं की जांभा दगड लागतो, आणि त्याच्यावर बांधलेलं घर शंभर वर्षं जागचं हलत नाही. मी चिडलो. वर लिहा म्हटलं, अमेरिकेची पदवी दाखवा म्हटलं. साडूभाऊ म्हणाले, "त्याईले थोडीच मालूम हाय, कुठी कोन्ती माती हाय ते." त्यांनी बिस्किटांचे डबे एकेक करून फडक्यात गुंडाळले आणि आमच्या माळ्यावर आणून ठेवले. आक्कांनी सामान बांधलं. मुलीचं नाव शाळेतून काढलं.

पहिलं पत्र पावसाळा संपल्यावर आलं. घर चांगलं आहे, समोर माड आहेत, आक्कांना भात सोसत नाही, मुलगी समुद्राला भिते. मग खाली, एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या मनाविषयी लिहिलेली बहुधा पहिलीच ओळ होती : 'इथं सगळ्या भिंती सरळ हायेत. मले करमत नाई.'

मी ते पत्र बायकोला वाचून दाखवलं, मग पुन्हा एकट्यानं वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. इंग्रजीचा मास्तर मी, लोकांना शब्द पुरवणारा. पण दोन कार्डं वाया घालवली. शेवटी घरची खुशाली लिहिली, मुलीला आशीर्वाद लिहिले, आणि जागा उरली होती म्हणून, समोरच्या भिंतीवरच्या त्यांच्या पट्टीकडे बघत खाली लिहिलं, की यंदा इकडे पाऊस फार कमी झाला आहे, उन्हाळा कडक जाईल असं सगळे म्हणतात.